आयोडीनवरची फुंकर

करकंबच्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांना गळ घातली म्हणून मी शिकलो, आणि घरातला पहिला पदवीधर होऊन सोलापूरच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. अपघात-खोलीतून रोग्याचे रक्त, जंतू पोसणाऱ्या निवळ काढ्याच्या चंबूत घालून येई. मी तो चंबू उबेच्या पेटीत ठेवायचा. काढा गढूळ झाला तर रक्तात जंतू आहेत असे डॉक्टरांना कळवायचे. त्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज एखादा चंबू गढूळ होत होता. मी कळवत होतो. उकाड्याने आणि त्याच त्या कामाने इतका शिणलो होतो, की असे का होते हा विचारही सोडून दिला होता.

मग एक विणकर आला. मागाच्या खिळ्याने उजवा तळहात फाटलेला, कोपरापर्यंत सूज, अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू निघाले तर हात कापावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. रक्त डाव्या हातातून घेतले. दुसऱ्या दिवशी चंबू गढूळ.

मी कागद लिहायला बसलो, तेव्हा त्याची बायको दारात उभी होती. घरी तेलुगू बोलणारी बाई, माझ्याशी जपून मराठीत बोलली, "हात गेला तर मागावर धोटा कोन फेकनार, अण्णा?"

कागद तसाच ठेवून चंबूतला थेंब जंतू वाढवायच्या बशीत घातला. विणकराच्या जखमेतला पू मी आधीच वाढवला होता. त्यातले जंतू सोनेरी पिवळे उगवले होते. रक्तातले दुसऱ्या दिवशी उगवले, ते पांढरे. त्या आठवड्यातल्या इतर रोग्यांच्या बशा काढल्या, तर त्याही पांढऱ्या. इतक्या माणसांच्या रक्तात एकच जंतू कसा असेल?

मी अपघात-खोलीत जाऊन उभा राहिलो. मलमपट्टी करणारे आमचे वयस्कर ड्रेसरकाका रक्त घ्यायला एकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला आयोडीन लावत होते. लावून झाल्यावर त्यांनी त्यावर हळूच फुंकर घातली, शीर बोटाने पुन्हा चाचपली, आणि सुई टोचली. हे जंतू रोग्याच्या रक्तातले नसून आपल्या तोंडाचे नि बोटाचे असतील, असे मी त्यांना सांगितले.

"चरचरतं की ते," काका म्हणाले. "फुंकर न्हाय घातली तर माणूस हात वडून घेतो. तुमी बुकं लई वाचलीत, कधी आयोडीन लावून घेतलंय का?"

मी डॉक्टरांपुढे पिवळी नि पांढऱ्या बशा ठेवल्या आणि रक्त पुन्हा घेऊ या म्हणालो. ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर दोन दिवस थांबतो. तुम्ही चुकलात, तर हा माणूस मेला."

पुन्हा रक्त घेतले. आयोडीन वाळेपर्यंत काका विणकराला मागाबद्दल विचारत राहिले. मग सुई टोचताना ओठ घट्ट मिटलेले, बोट दूर. ते दोन दिवस मी चंबू पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिला. चंबू निवळ राहिला. डॉक्टरांनी तळहात उघडून पू काढला, आणि हात वाचला.

पुढे मी रोज रक्त घेताना जाऊन उभा राहू लागलो. गढूळ चंबू कमी झाले, पण थांबले नाहीत. काका एक दिवस विसरत, दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी.

दिवाळीच्या सुमारास विणकर हात दाखवायला आला. दोन बोटे वळत नव्हती. धोटा डाव्या हाताने फेकतो म्हणाला. काकांनी तो उजवा हात धरला, उलटासुलटा पाहिला, आणि सवयीने त्या वणावर फुंकर घातली.