उभ्याने काढलेला आलेख

दोघी बहिणींतली मोठी इस्पितळात इसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचे आलेख, काढायची, आणि पेशंटांमध्ये तिच्या मायेचा भारी बोलबाला. दमलेल्या माणसाला ती कधी उभं करत नसे. काही तपासण्यांत निजून एक आणि उभ्याने एक असे दोन आलेख लागत, तेव्हाही दुसरा ती खुर्चीत बसवूनच काढी. नियमात तेही चालायचं. माया तिच्याकडे भरपूर होती, फक्त धाकट्या बहिणीच्या वाट्याची तेवढी आटली होती.

आटणारच! धाकटी नुसती शिंकली तरी बाबा घर डोक्यावर घेत. मोठी तापाने फणफणली तर म्हणत, "तिचं काय, ती खंबीर आहे." एवढ्यावर तिची बोळवण. आता धाकटीचं हृदय मध्येच सैरभैर धावू लागलं होतं, एकदा ती बेशुद्धही पडली होती, आणि बाबांना दुसरं काही सुचेनासं झालं होतं. मोठीला त्या आजाराचासुद्धा हेवा वाटला. वाटला तर वाटला.

हृदय भरकटलं की झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र धाकटीला बसवायचं होतं. त्यातल्या एकाची तार थेट हृदयात जाते, दुसरं नुसतं कातडीखाली बसतं. धाकटीला अर्थातच दुसरं हवं होतं. पण ते सगळ्यांना चालत नाही. आधी आलेखावर पारदर्शक साचा ठेवून बघायचं. ठोक्याच्या लाटा साच्याच्या रेघांत मावल्या तरच ते बसवायचं.

ही तपासणी मोठीकडेच आली. धाकटीचा निजून काढलेला आलेख साच्यात अगदी मापाने शिवल्यासारखा बसला. 'इथेही हिचंच चोख,' मोठी मनात चरफडली.

"ऊठ. उभी राहा."

दाराशी बाबा कळवळले, "अगं, दमलीय ती. बसू दे की खुर्चीत!"

झालं! मोठीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खुर्ची पायानेच बाजूला सारली. "उभंच राहायचं."

धाकटी टेबलाला धरून कशीबशी उभी राहिली. मोठीने नव्या आलेखावर साचा ठेवला आणि तिचा हात थबकला. ठोक्यामागची लाट वर चढून रेघेबाहेर गेली होती. तिने पुन्हा काढून बघितला. तेच.

डॉक्टरांनी कागद निरखला. "बरं झालं उभं केलंत. बसून हे कदाचित दिसलंच नसतं. या लाटेला यंत्र आणखी एक ठोका समजलं असतं आणि हृदय ठीक चाललेलं असतानाही झटके देत सुटलं असतं. हिला तारेचंच बसवू."

बाबांनी मोठीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी वेड्यासारखा बसू दे म्हणत होतो. किती गं काळजी तुला हिची!"

या हातासाठी ती लहानपणापासून झुरली होती. तो आला, आणि आला तो नेमका तिच्या आकसापायी. तरी तिने तो झिडकारला नाही. मान खाली घालून मुकाट्याने डोक्यावर राहू दिला.

बाबा डॉक्टरांबरोबर बाहेर गेले. मोठी बहिणीच्या छातीवरच्या चिकटपट्ट्या काढू लागली, तेव्हा धाकटी हळूच म्हणाली, "माझ्याआधी आलेल्या त्या आजोबांना तू खुर्चीत बसवलंस. दार उघडं होतं, मी बघितलं."

मोठीने चटकन दाराकडे बघितलं.

"बाबांना नाही सांगणार मी," धाकटीने तिचा हात दाबला. "किती खूश होते ते आज तुझ्यावर!"

घ्या! मनाचा मोठेपणाही हिनेच पटकावला. शेवटची पट्टी मोठीने जरा जोरातच ओढली.