पिवळी राहिलेली बाटली

काकाजी कुणाच्याही घरी पाणी पिण्याआधी माठात बोट घालून आतली कड चाचपायचे. बोटाला बुळबुळीत लागलं की म्हणायचे, "पाणी साफच हाय, पण भिंतीले वस्ती झाली." माझ्या सासूबाईंनी त्यांना पुन्हा कधी घरी बोलावलं नाही.

वर्ध्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ते सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली लागले. पोटातल्या जहाल आम्लात काही जगतं, हे मला पटत नव्हतं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. जठराच्या अस्तरावर वाकडेतिकडे जंतू एकमेकांना चिकटून, एका चिकट थरात दडलेले होते. "एकटा असला तं मरते," काकाजी म्हणाले. "सगळ्यायनं मिळून गोधडी पांघरली का मंग आम्लही हारते अन् औषधही."

दुर्बीण घालून काढलेला जठराचा तुकडा आम्ही पिवळ्या औषधाच्या बाटलीत टाकायचो. जंतू असले की ती गुलाबी व्हायची. पण पित्ताच्या कॅप्सूल चालू असल्या तर जंतू असूनही बाटली पिवळीच राहू शकते. म्हणून काकाजी प्रत्येक पेशंटला दरडावत, "कॅप्सूल कधी सोडली?" पंधरा दिवस झाले नसतील तर आर्वीहून एसटीने आलेल्या म्हातारीलाही परत पाठवत. मला त्यांचा राग यायचा.

पुढे त्यांचंच पोट दुखू लागलं. दुर्बीण घालायच्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात मला कॅप्सूलची अर्धी संपलेली पट्टी दिसली. कॅप्सूल सोडली की त्यांना उभंही राहवत नसे, हे नंतर कळलं. ज्यांनी मला काच धरायला शिकवलं, त्यांना मी काय विचारणार? दुसऱ्या दिवशीही बाटली पिवळीच होती. 'जंतू नाहीत' असं मी माझ्या हाताने लिहिलं आणि वर त्यांच्याकडे पेढे मागितले.

तीन वर्षांनी जठराचा कॅन्सर निघाला. तेव्हा जंतू सापडून औषधाने मारले असते तरी हे टळलं असतं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याने मला आजवर एक दिवसही बरं वाटलेलं नाही.

बोरगावला त्यांच्या घरी शेवटचं भेटायला गेले, तेव्हा अंगावर नुसती हाडं उरली होती. काकूंना त्यांनी चहाच्या निमित्ताने आत पाठवलं.

"माह्या खिशात पट्टी पाह्यली होती ना तू?"

"हो."

"मंग इचारलं काऊन नाई?"

"तुमचा मान राखला, काकाजी."



"माह्या तोंडून निघत नव्हतं," ते म्हणाले. "मी तं वाटच पाहून राह्यलो होतो, तू इचारशीन म्हणून."