होल्ड म्हणजे ठेवा

“ही गोळी ठेवायची,” असं मी सिंधूकाकूंना सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

चूक एवढीच. कोल्हारला माझं मेडिकल आहे. डॉक्टरांचं अक्षर लावून त्याचं मराठी करून सांगणं हा माझा अर्धा धंदा. त्याचा मला गर्वही होता. इंग्रजीतलं काहीही अडलं की गाव माझ्याकडे येतं, हे मी घरी अधूनमधून सांगायचो. घरी कोणी विचारलेलं नसायचं.

काकूंचे मालक रंगनाथतात्या. त्यांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून लघवी अडली होती. म्हणून नळी घातलेली आणि नळीला पिशवी. नगरला सावेडीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. ते झालं की नळी निघणार होती, आणि मग लेकीचं, मनीषाचं लग्न. तात्यांनी घरात बजावून ठेवलं होतं, “पिशवी घिऊन मी कन्यादानाला बसनार न्हाई.”

तात्यांच्या हृदयात स्टेंट आहे. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून बसवलेली बारीक स्प्रिंग. त्यासाठी ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ऑपरेशनच्या आधी ही गोळी काही दिवस थांबवावी लागते, नाहीतर रक्त थांबत नाही. डॉक्टरांनी तिच्यापुढे इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. होल्ड.

पायरी उतरलेल्या काकू परत वर आल्या. “भाऊ, ठेवायची म्हंजी तशीच ठेवायची ना?”

“तशीच ठेवायची.”

“बाकीच्या बदलल्यात. हिला हात न्हाई लावायचा?”

“अजिबात नाही लावायचा, काकू.”

त्या समाधानाने गेल्या. मीही समाधानाने कफ सिरपची बाटली काढायला वळलो.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यातून फोन आला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “सर, होल्ड करा, डॉक्टर बोलतायत.” मी फोन कानाशी धरून उभा राहिलो. इथे होल्डचा अर्थ मला बरोबर कळला.

“गोळी चालूच आहे पेशंटची,” डॉक्टर म्हणाले. “कालही घेतलीय. भूलतज्ज्ञांनी विचारलं म्हणून कळलं. मी होल्ड लिहिलं होतं ना?”

“हो सर. मी तेच सांगितलं.”

“मराठीत काय सांगितलं?”

“ठेवा.”



“अहो, ‘थांबवा’ असं सांगायचं.”

“मग सर, तुम्ही स्टॉप लिहायचं.”

“स्टॉप लिहिलं की लोक कायमची बंद करतात. उद्या स्टेंट बंद पडला तर? होल्ड म्हणजे थांबवा आणि मी सांगितलं की परत सुरू करा.”

त्यांचं बरोबर होतं. क्रियापदही बरोबर होतं. मी विचारलं, “मग ऑपरेशन?”

“आता तेच होल्डवर. गोळी सध्या चालू राहू दे, कधी थांबवायची ते तारीख ठरली की सांगतो. जवळची तारीख रिकामी नाही. पुढच्या महिन्यात बघू.”

लग्न याच महिन्यात होतं.

दिवसभर माझ्या डोक्यात तोच शब्द. एक्सरेवाला ‘श्वास होल्ड करा’ म्हणतो, तेव्हा आपण हवा आत धरतो आणि श्वास थांबवतो. धरणं आणि थांबवणं, दोन्ही एकदमच. इंग्रजांचं भागतं. आपलं ‘ठेवणं’ तसं नाही. ‘ठेवून द्या’ म्हटलं असतं तर काकूंनी गोळी फळीवर टाकली असती. नुसतं ‘ठेवा’ म्हटल्यावर त्यांनी ती चालू ठेवली. मी ‘द्या’ खाल्ला होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. तात्या खाटेवर बसले होते. पिशवी खाटेच्या पायाला टांगलेली, तिच्यावर टॉवेल.

“चुकलं माझं, तात्या.”

“तुमी तरी काय करनार. लिवलंच तसं हुतं.”

“तसं नव्हतं लिहिलं. मी चुकीचं सांगितलं.”

काकू चहा करायला आत गेल्या, त्या बाहेरच आल्या नाहीत. चहाही आला नाही.

मी नगरहून पायाला बांधायची छोटी पिशवी आणली. पायजम्याच्या आत दिसत नाही. तात्यांनी ती बांधून घरात दोन फेऱ्या मारल्या आणि सोडून ठेवली.

“दिसत न्हाई, खरं हाय. पर वास आला म्हंजी? नव्या पावन्यांत पोरीला काय वाटंल?”

“वास नाही येत, तात्या.”

“तुमाला न्हाई येत. मला दिसरात येतो.”



लग्नात कन्यादानाला तात्यांचे धाकटे भाऊ बसले. तात्या कार्यालयातल्या वरच्या खोलीत होते. दार आतून लावलेलं. मनीषा निघताना वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. मी अक्षता वाटल्या, पाहुण्यांना टोप्या घातल्या, पंगतीत जिलेबी वाढली, नवरदेवाच्या चपलासुद्धा शोधल्या.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. नीट झालं. नळी निघाली, गोळी परत सुरू झाली. तात्या दुकानावरून जाताना हात वर करतात. काकू औषधं आता दुसऱ्या मेडिकलमधून नेतात.

मी धडा घेतला. होल्ड दिसलं की सांगतो, “आजपासून ही घ्यायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा परत घ्यायची.” मग गिऱ्हाइकाकडून तेच म्हणवून घेतो. रांगेतले लोक वैतागतात. ज्या क्रियापदाचे आपल्याला दोन अर्थ माहीत आहेत, ते तोंडात आणू नये.

हे सगळं मी बायकोला जरा ऐटीतच सांगत होतो. ती नुकतीच काकूंकडून लग्नाचा अल्बम बघून आली होती.

“छान आलेत फोटो,” ती म्हणाली. “जवळजवळ प्रत्येकात तुम्ही आहात. तात्या एकातही नाहीत.”