भाड्याचा कोट आणि घरचा जावई

भाड्याने घेतलेल्या कोटाच्या खिशात हात घातला, तर आत कुणाचा तरी वापरलेला मास्क. ओलसर, चुरगळलेला, त्यावर लिपस्टिकचा डाग. मी हात झटकला आणि तो बर्फात पडला. हिमाचलातल्या त्या स्कीइंगच्या ठिकाणाची माझी पहिली आठवण ही आहे. लोक देवदार आणि शिखरं सांगतात. मला तो डाग दिसतो.

कोरोनाची पहिली लाट ओसरली होती, दुसरी यायची होती. मधल्या हिवाळ्यात साऱ्या देशाला बर्फ बघायची हौस आली, तशी आमच्या घरच्या जावयालाही आली. जावई म्हणजे माझ्या नणदेचे यजमान, राहणार अमरावती. लग्नाचा दहावा वाढदिवस बर्फातच करायचा आणि सोबत आम्हा नवराबायकोला न्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला जायचं नव्हतं. अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी सासरे होते, जुन्या दम्याचे. दहा पायऱ्या चढले तरी त्यांना बोलवत नसे. दहा महिने मी त्यांना फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. पेपर बंद, दुधाची पिशवी साबणाने धुवायची. जुन्या शहरातले त्यांचे मित्र मोर्णा नदीचा पूल ओलांडून भेटायला आले, त्यांनाही मी फाटकावरूनच परतवून लावलं आणि वाईटपणा घेतला. पण जावयाला नाही म्हणायची आमच्या घरात रीतच नाही. सासरेच म्हणाले, "जाय वं सूनबाई. जावईबापूचं मन नोको मोडू." मी अट घातली. परत आल्यावर आम्ही दोघं दहा दिवस वरच्या मजल्यावर राहू, ताट जिन्यावर ठेवायचं. ते हसून हो म्हणाले.

तिथे पाट्यांची काही कमी नव्हती. मास्क लावा, अंतर ठेवा, रोपवेच्या डब्यात चारच माणसं. त्या डब्यात आम्ही आठ जण कोंबलेलो, आणि थंडी वाजते म्हणून खिडक्या घट्ट बंद. कोटाच्या दुकानात तर एकाच्या अंगातून निघालेला कोट तसाच कोमट दुसऱ्याच्या अंगावर चढत होता. माझ्या कोटाच्या कॉलरला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास होता. "सॅनिटाइज किया है मॅडम," म्हणत दुकानदाराने बाटलीतून फवारा मारला. मी तो तळहातावर घेऊन हुंगला. निव्वळ पाणी! मग मी त्याच्याशी कडकडून भांडले. कोट बदलून घेतला, बूट उन्हात ठेवायला लावले, गॉगल माझ्या साबणाने धुतला. पायाला त्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवणारा माणूस तोंडाशी येऊन बोलू लागला, तर त्यालाही झापलं. परक्यांवर माझी जीभ फार चालते.

आणि आमचे जावई? त्यांचा मास्क चारही दिवस हनुवटीखाली, कारण तोंडात खर्रा, तंबाखू-सुपारीचा घोटलेला तोबरा. त्या शुभ्र बर्फावर ते दर दहा मिनिटांनी पिचकारी मारत आणि पुढे घसरत जात. त्यांच्या मागून घसरायचं म्हणजे ते लालसर डाग चुकवत जायचं. खर्ऱ्याची पन्नी तर त्यांनी शिकवणाऱ्यापुढेही धरली, त्यानेही त्याच पन्नीत बोटं घातली. मला शिसारी आली. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा डोंगराकडे पाहत होता.

तिसऱ्या दिवशी ते खोकायला लागले. नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, सकाळपासून अंग तापून राहिलं त्याइचं. कोनाले सांगू नोका." रोपवेच्या फाटकावर ताप मोजणारा उभा होता. जावयांनी रांगेतच मूठभर बर्फ उचलला, टोपी मागे सारून कपाळावर दाबून धरला आणि पुसून ऐटीत पुढे झाले. मशीनने त्यांना पास केलं. डब्यात बसल्यावर ते म्हणाले, "पाह्यलं? मशीनले येडं बनवलं!" आणि सगळे हसले. बंद डब्यात, तोंडं उघडी टाकून. नवरा हसला, नणंद हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसले. जावयाच्या विनोदाला हसायचं असतं.

परतीच्या गाडीला अकोला आधी लागतं, अमरावतीकडे जायचं तर तसंच पुढे बडनेऱ्यापर्यंत जायचं. मी देवाला मनातल्या मनात म्हणत होते, जाऊ दे यांना पुढे. पण सासऱ्यांचा फोन आला. "जावई अकोल्यावरून उपाशी पुढं जाईन? लोक काय म्हनतीन?" जावई लगेच उतरले. घरी सासरे फाटकापर्यंत आले, दहा महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या अटीची कुणाला आठवणही नव्हती. पाटाशेजारी पाट लागला. आमच्याकडे जावयाच्या ताटात तूप सासरा स्वतःच्या हाताने वाढतो आणि जावयाचं पोट भरेपर्यंत शेजारून उठत नाही. जावई खोकले. "पहाडावर थंडी लागली," म्हणाले. सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

मी हातात वाटी घेऊन उभी होते. चार शब्द बोलायचे होते. बाबा, त्यांना ताप आहे. कोटवाल्याला एवढं सुनावणारी मी, माझ्याच स्वयंपाकघरात मूग गिळून उभी राहिले. सासऱ्यांनी वाटीकडे हात केला आणि मी तुपाची वाटी त्यांच्या हातात दिली. त्या मास्कवरच्या डागाची मला किळस आली होती ना? त्याच्या दसपट मला माझी येते, आजही.

सहाव्या दिवशी सासऱ्यांचा दम कोंडला. तीन आठवडे दवाखान्यात काढून ते परतले, सोबत ऑक्सिजनचं मशीन घेऊन. ते अजून बैठकीत आहे, दिवसभर घुरघुरतं. नळी काढली की पाच मिनिटांत त्यांचे ओठ निळे पडतात. जावयांना काही झालं नाही. "साधा सर्दी-खोकला होता," असं ते चारचौघांत सांगतात.

मागच्या महिन्यात ते दारात उभे राहिले. नाक लाल, हातात रुमाल, वाक्यागणिक शिंक. या वेळी मी दार अडवलं. "भाऊजी, आत नोका येऊ. बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून देतो, तिथंच बसा." इतक्या वर्षांनी का होईना, बोलले.

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, जावयाले दारात उभं ठेवते काय?" मग खोकला. मी वळून पाहिलं. त्यांनी नाकातली नळी उपटून काढली होती. जावयापुढे नळी लावून बसणं बरं दिसत नाही, म्हणून. तिचं टोक जमिनीवर पडलं होतं आणि ते दोन्ही हातांनी खाट धरून उभं राहायला बघत होते, माझ्या वतीने माफी मागायला.

मी धावले. त्यांना बसवलं, नळी पुसली, पुन्हा नाकात घातली. दार मोकळंच राहिलं होतं. जावई आत आले आणि सासऱ्यांच्या शेजारी खाटेवर बसले.