शालनबाई आणि लाल विंचू

धायरीत अजून शेतं होती तेव्हा, भुईमुगाच्या काढणीत, शालनच्या धाकट्या भावाला लाल विंचू चावला. मच्छिंद्र त्याचं नाव. गावानं आधी मंत्र घातले, मग बैलगाडी जुंपली. दवाखाना येण्याआधीच पोर गेलं. पुढं शालन नर्स झाली. विंचू चावलेले कितीतरी पेशंट तिनं जगवले आणि दिसेल तो विंचू चपलेनं चिरडला. रिटायर झाल्यावरही त्यात खंड पडला नाही.

आता त्या शेताच्या जागी सोसायटी होती, मागं टेकडी. टेकडीच्या पायथ्याला बिल्डरनं दगडांचा ढीग तसाच टाकलेला. शालनबाई तळमजल्यावर राहायच्या, शेजारी भाड्यानं राहणारी तनया. एका सकाळी तनयानं गॅलरीतला बूट चढवला आणि जोरात ओरडली.

शालनबाई पोचल्या तेव्हा विंचू फरशीवर होता. चिमटे बारीक, शेपूट जाड, रंग विटकरी. त्यांनी तो तिथंच मारला. कुणी कांदा चोळायला सांगितलं, कुणी चुना. तनया म्हणाली, दुखणं उतरलंय, ऑफिसची मीटिंग उरकून मग दाखवून येते. पण तिचे हात गार पडले होते आणि कपाळावरून घाम वाहत होता.

"मीटिंग ऱ्हाऊ दे," शालनबाई म्हणाल्या. नोकरीत घोटून बसवलेली शुद्ध भाषा त्या क्षणी गळून पडली. "लाल हाय त्यो. रिक्षा बोलवा."

हॉस्पिटलात लगेच औषधं सुरू झाली. हृदयावर ताण आला होता, पण वेळेत आणल्यामुळं पोरगी बचावली.

सोसायटीचे चेअरमन यज्ञेश्वर यांनी ढिगावर विष फवारायचं ठरवलं. पहिला होकार शालनबाईंचाच होता. किती विंचू आहेत ते बघावं म्हणून त्या गमबूट घालून, काठी घेऊन ढिगाकडे गेल्या. काठीनं एक दगड उलटला. खाली मादी होती, आणि तिच्या पाठीवर पांढुरकी, तांदळाएवढी पिल्लं दाटीनं बसलेली. एक पिल्लू खाली पडलं. मादी जागची हलली नाही. पिल्लू धडपडत तिच्या पायावरून वर चढलं, भावंडांत घुसलं, मगच ती सरकली. शालनबाईंनी मारायला काठी उचललीच नाही. आयुष्यभर मारला तो प्राणी त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिला होता.

हॉस्पिटलातून घरी आलेल्या तनयाला त्यांनी हे सांगितलं. तिनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं: विंचू कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्याचा भाऊबंद. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईच्या पाठीवरच राहतात. खातो झुरळं आणि रातकिडे.

"मग विष नको. पण ह्यांना कुठं पाठवायचं?" तनयानं विचारलं.

शालनबाईंनी चेअरमनना गाठलं. विष फवारलं तर वाचलेले विंचू घरात शिरतील, त्यापेक्षा विंचवांसकट दगड वर टेकडीवर हलवू, असं त्यांनी समजावलं. यज्ञेश्वरांनी कोरडेपणानं विचारलं, "म्हणजे आपण त्यांचं पुनर्वसन करतोय?" तरी मजूर आणि हातमोजे त्यांनीच आणवले.

रविवारी दगड वर गेले. गॅलऱ्यांना जाळी बसली, बूट घरात आले. दुपारी शालनबाईंनी पार्किंगमध्ये सोसायटीतल्या मंडळींना लाल आणि काळा विंचू कसा ओळखायचा, चावल्यावर थेट हॉस्पिटल कसं गाठायचं, ते शिकवलं. तनया पहिल्या रांगेत बसली होती. शेवटी तिनं मागच्यांना पाऊल दाखवून ठणकावलं, "कांदा आमटीत घाला. मला काकूंनी वाचवलंय."