म्हशीच्या पावतीवर गाईचं फॅट

कळंब्याच्या तलावाकडे तोंड करून बसलं की माझ्या हातून काम थोडं होतं आणि तंद्रीच जास्त लागते. दुपारच्या वाऱ्यानं पाणी हलतं, मीही तसाच हलत असतो. घरचे म्हणतात, ह्याला पगार बघत बसायचा मिळतो.

प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा तयार कोड, मी लिहितो. प्रोग्रॅम काही मागतो, ती डेटाबेसकडून आणून देते. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी दोन-तीन कामं चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. दोन थ्रेड एकदम निरोप्याकडे आले तर एकानं बाहेर थांबायचं, म्हणून दाराला कुलूप लागतं. ते लिनक्सच्या कॉम्प्युटरवर एका तऱ्हेनं घालतात, विंडोजवर दुसऱ्या. माझ्याकडे लिनक्स, तिथलं कुलूप मी मन लावून घातलं. विंडोजसाठी एक रिकामी ओळ सोडली, शेजारी ‘नंतर बघू’ असं लिहिलं आणि पाण्यावर उतरणारे बगळे बघत बसलो. ते ‘नंतर’ काही आलं नाही.

मग एका दुपारी शिरोळकडच्या एका गावातून दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्यांच्या पावत्यांच्या प्रोग्रॅममध्ये माझी लायब्ररी विंडोजवर चालायची.

“पावणं, तुमचं सॉफ्टवेर बरोबर हाय न्हवं? एका बाईच्या म्हशीला आठवडाभर गाईचं, कमी फॅट लागतंय. गाव म्हणतंय, पाणी घालती. उद्यापास्नं तिचं दूध बंद करायचं ठरलंय.”

“सॉफ्टवेअर बरोबर आहे,” मी म्हणालो. तपासलं नाही, नुसतं म्हणालो.

ते हसले. “नशीब बघा. तिच्या शेजाऱ्याच्या गाईला मातर म्हशीचं फॅट लागतंय!”

फोन ठेवला आणि बगळे दिसेनासे झाले. परत फोन लावून सचिवांना खोदून विचारलं आणि मी येईपर्यंत दूध बंद करू नका म्हणालो. संस्थेत दोन काउंटर होती, एक गाईच्या दुधाचं, एक म्हशीच्या. प्रत्येक काउंटर म्हणजे एक थ्रेड, आणि निरोप्या दोघांत एकच. ती बाई आणि तिचा शेजारी रोज गल्लीतून बोलत बोलत एकत्र यायचे, आपापल्या काउंटरवर एकाच क्षणी किटली रिकामी करायचे. निरोप्या गोंधळायचा आणि याचं उत्तर त्याच्या पावतीवर छापायचा. फॅट जास्त तर भावही जास्त, मग शेजाऱ्यानं तक्रार कशाला करावी? मला स्वतःची इतकी शरम वाटली की चहा तसाच निवून गेला. ती रिकामी ओळ भरायला दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचलो तेव्हा ऊस धुक्यात बुडाला होता. माणसं आधी आवाजानं यायची, मग किटलीसकट दिसायची. मला हे सगळं झोपेत चाललंय असं वाटत होतं. लायब्ररी बदलली. सचिवांना सांगून त्या दोघांचं दूध मुद्दाम एकदम घ्यायला लावलं. म्हशीला म्हशीचं फॅट लागलं, गाईला गाईचं.

मी हळूच त्या बाईजवळ गेलो. चाळिशीच्या, डोईवर पदर घट्ट. “ताई, चूक माझी होती. तुमच्या दुधात काही नव्हतं.”

“मला ठावं हाय की,” त्या म्हणाल्या. “माझ्या कानात काय सांगताय? ह्यास्नी सांगा.”

मला चारचौघांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो. पण रांगेपुढे उभा राहिलो आणि बोललो. कुणी खाकरलं, कुणी पावतीकडे बघितलं. शेजारी सगळ्यांत आधी सटकला.

“आता घरला चला,” त्या म्हणाल्या.

गोठ्यात त्यांचा नवरा म्हशीची पेंड कालवत होता. मी तेच पुन्हा सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मोकळं झाल्यासारखा हसला.

“बरं झालं बगा. धार तर मीच काढतोय, तवर दूध चांगलंच असतंय. पर गोठ्यापास्नं डेरीपत्तोर किटली हिच्याच हातात की. माणसाला वाटतंच.”

माझं तोंड एवढंसं झालं. डेअरीत रांगेसमोर वाटली नव्हती तेवढी लाज मला त्या गोठ्यात वाटली, कारण गावाचा संशय मी पुसू शकत होतो, हा नाही.

त्यांनी किटली विसळली आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

“सांजंचं दूध तुमी घालून या,” त्या म्हणाल्या. “आजपास्नं रोज तुमीच.”

मग मला चहा विचारून त्या आत गेल्या. तो खाली मान घालून पेंड कालवत राहिला.