पावणेसातची पांढरी गाडी

नरखेडच्या पुढं आमचं गाव. तिथून नागपूरचा काटोल नाका गाठायला माझ्या गाडीला तीन तास लागायचे. चौदा वर्षं मी ती गाडी चालवली. गाडी माझी, ड्रायव्हर मी, कंडक्टर माझाच चुलतभाऊ. सातची गाडी म्हणून लोक ओळखायचे, पण सातला ती कधीच निघाली नाही. सवारी भरली की निघायची. कधी सव्वासात, कधी साडेसात. संत्र्याच्या हंगामात टपावर पेट्या चढवता चढवता आठही वाजायचे. कोणी कुरकुर केलीच तर मी खिडकीतून म्हणायचो, "घाई आहे त पायी जाय ना गा!" सगळे हसायचे. कुरकुर करणाराही हसायचा. मला वाटायचं, लोकांना मी आवडतो.

मग ती पांढरी गाडी आली.

लहानशीच, पंचवीसेक सीटांची. तिचाही मालक स्वतःच चालवायचा. माझ्याच वयाचा, पन्नाशीला टेकलेला, शेजारच्या तालुक्यातला. आधी बरीच वर्षं शाळेची बस चालवत होता. अंगानं बारीक, बोलणं हळू. पहिल्याच सकाळी तो माझ्या केबिनपाशी आला आणि नमस्कार करून म्हणाला, "भाऊ, मी पावणेसातले निघत जाईन. तुमची सातची आहे. तुमच्या आड नाही येणार."

"चालव ना गा. रोड काय माह्या बापाचा आहे?" मी म्हटलं आणि चुलतभावाकडं बघून डोळा मारला.

पावणेसातला तो चार माणसं घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी सहा. आम्ही दोघं भाऊ आठवडाभर हसत होतो. डिझेलचे पैसे निघत नसतील बिचाऱ्याचे, महिनाभरात गाडी विकेल, असं मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होतो.

महिनाभरानं माझ्या मागची सीट रिकामी झाली. त्या सीटवर नऊ वर्षं एक शिक्षिका बसायच्या. काटोलच्या शाळेत त्या शिकवायच्या. त्यांच्या मुलीचं बारसं, सासऱ्यांचं आजारपण, बदलीची भीती, सगळं मला माहीत होतं. आठ दिवस त्या दिसल्या नाहीत, तेव्हा मला वाटलं रजेवर असतील. नवव्या दिवशी परतताना काटोलच्या स्टँडवर मी गाडी वळवत होतो आणि त्या फाटकाजवळ उभ्या होत्या. मला बघून त्यांनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

मी काच खाली केली. "मॅडम, आपल्या गाडीवर राग आला का?"

"राग कशाचा, दादा," त्या म्हणाल्या. "पण नऊ वर्षं मी रोज हेडमास्तरांना कारण सांगत होते. आता सांगावं लागत नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो.

त्या दिवसापासून माझी भूक गेली म्हटलं तरी चालेल. मी स्टिअरिंग धरून रस्त्याकडं बघायचो, पण मन पुढं गेलेल्या त्या गाडीत असायचं. आज कोण कोण गेलं? सरपंचाचा भाऊ गेला का? कापड दुकानवाला गेला का? वाटेत प्रत्येक थांब्यावर माणसं कमी दिसली की मी समजायचो, वेचून नेली. त्याच्या काचा रोज पुसलेल्या असायच्या. माझ्या गाडीच्या काचांवरून मी बोट फिरवलं तर बोट काळं निघालं. मी चुलतभावावरच ओरडलो.

मग मी नक्कल केली. सीटांना नवी कव्हरं शिवली. आरशाला मोगऱ्याच्या वासाची डबी लटकवली. गाणी लावली. एक म्हातारा चढता चढता थांबला, आत डोकावला आणि म्हणाला, "आज गाडीत लगन आहे का गा?" पुन्हा सगळे हसले. यावेळी मला हसू आलं नाही. कारण इतकं सगळं करूनही मी निघालो साडेसातलाच. रिकाम्या सीटा दिसत असताना गिअर टाकायला माझा हात उठायचाच नाही.

पण खरं लागलं ते आईचं.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला नागपूरला डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं. आदल्या दिवशी मी म्हटलं, "सकाळी माह्यासंगं चाल." ती म्हणाली, उद्या नाही, पाय दुखतात, परवा पाहू. सकाळी मी एकटाच निघालो. काटोलला पोचलो तर पांढरी गाडी तिथं उभी. त्या दिवशी तिला टायर बदलावा लागला होता, म्हणून मला ती सापडली. पुढच्या खिडकीत आई बसली होती. मला दिसू नये म्हणून ती गावाबाहेरच्या वळणावर चढली असणार. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर पदर, आणि तो खाली उभा राहून तिला पाण्याची बाटली देत होता. आई काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलावून ऐकत होता. माझ्याशी ती इतकं बोलल्याचं मला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं.

मी खाली उतरलो नाही. हॉर्न दाबला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी मी ताटावर बसलो आणि म्हटलं, "पोराची गाडी असून लोकाच्या गाडीत काहून गेली वं तू?"

तिनं माझ्या ताटात भाकर टाकली. "तुह्या गाडीत मी मालकाची माय. सवारी आली का तू म्हणतं, माय, जराशी उठ, त्याहीले बसू दे. आजवर एकदा तरी मी नागपूरपर्यंत बसून गेली का? तिथं मी तिकीट काढते. सीट माही रायते."

"मंग खोटं काहून बोलली?"

"तुले वाईट वाटन म्हणून."

मी ताट सरकवून उठलो. आई खरं बोलत होती आणि म्हणूनच मला राग आला. पण तो आईवर काढता येईना. तो सगळा मी त्या माणसावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेसहालाच निघू लागलो. भरो न भरो. चौदा वर्षांत लोकांसाठी जे केलं नाही ते त्याच्या नाकावर टिच्चून केलं. त्याच्या पंधरा मिनिटं पुढं राहायचं आणि वाटेतल्या त्याच्या सवाऱ्या उचलायच्या, एवढाच बेत. पण नरखेड सोडल्यावर एक फाटा लागतो, तिथं माणसं उभी असायची आणि माझी गाडी बघून हात वर करायची नाहीत. मी थांबलो तर म्हणायची, "जा तुम्ही भाऊ. आमची येऊन राहिली." आमची!

तीन दिवस मी ते ऐकलं. चौथ्या दिवशी फाट्यावर सात-आठ जण होते. मी गाडी थांबवली आणि खिडकीतून म्हटलं, "कोणाची वाट पाहून राहिले? त्याची गाडी नरखेडात पंक्चर होऊन उभी आहे. दुपारपर्यंत नाही येत ते."

माझा चुलतभाऊ दारात उभा होता. तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं दार उघडून धरलं.

माणसं एकमेकांकडं बघत चढली. शेवटी एक मुलगी राहिली, वीस-एकवीसची. ती फोन लावत होती, पुन्हा पुन्हा लावत होती. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. "चढ ना वं पोरी," कोणीतरी म्हणालं. ती चढली.

आठ-दहा किलोमीटर गेल्यावर मला आरशात ती रडताना दिसली. चुलतभावानं विचारलं. मग पुढं येऊन माझ्या कानाशी तो म्हणाला, "तिचा नागपूरले नर्सिंगचा पेपर आहे, साडेअकराले. हॉल तिकिटाची फाईल काल येताना त्या गाडीत राहिली होती. त्यानंच फोन करून सांगितलं, सकाळी फाट्यावर उभी राय, घेऊन येतो."

तिथंच गाडी थांबवायला हवी होती. मी थांबवली नाही. थांबवली असती तर कारण सांगावं लागलं असतं. दोन गावं तशीच मागे टाकली. मुलीचा हुंदका इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू येत होता. काटोलच्या स्टँडवर मी गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

"काहून थांबला गा?" मागून आवाज आले.

"मागून गाडी येऊन राहिली," मी म्हटलं.

"ते त पंक्चर होती ना?"

मी आरसा नीट करू लागलो.

पांढरी गाडी अर्ध्या तासानं आली. एका मिनिटाचाही उशीर न करणारा तो माणूस फाट्यावर त्या मुलीसाठी, तिचा फोन लागेना म्हणून, वीस मिनिटं थांबला होता. उतरला तोच हातात प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल घेऊन. मुलगी धावत गेली. तिनं फाईल उघडून कागद पाहिला आणि पिशवी छातीशी धरून तिथंच खाली बसली. पेपरला अजून वेळ होता. आता ती वेळेत पोचणार होती. त्यानं तिला हाताला धरून उठवलं, ती सांगत होती ते ऐकलं, आपल्या गाडीत बसवलं आणि मग माझ्या खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"भाऊ," त्याच हळू आवाजात त्यानं विचारलं, "माही गाडी कोठं पंक्चर झाली होती?"

मी चावी फिरवून इंजिन सुरू केलं. तो वळून गेला. माझ्या गाडीतली माणसं उठू लागली. कोणी शिवी दिली नाही, कोणी पैसे परत मागितले नाहीत. पिशव्या उचलून एकेक जण खाली उतरला आणि समोरच्या गाडीत जाऊन उभा राहिला. तिथं बसायला जागा नव्हती, तरी. शेवटी चुलतभाऊ आणि मी उरलो. नागपूरपर्यंत आम्ही रिकामी गाडी नेली.

त्या दुपारी नागपुरात काटोल नाक्यावर तो मला शोधत आला. मला वाटलं, आता मारामारी होणार. मी तयारीतही होतो; खरं तर मला ती हवीच होती. त्यानं चहा सांगितला, दोन. म्हणाला, "मी पावणेसातले निघतो, तू सव्वासातले निघ. पण बरोबर सव्वासातले. अर्ध्या तासाच्या अंतरानं दोघायचंबी भागते. लोकायले घड्याळ पाहिजे, दुसरं काही नाही."

मी हो म्हटलं. माझ्याकडं नाही म्हणायला तोंड कुठं होतं? पण चहा पिताना मनात एकच गोष्ट ठणकत होती. चांगुलपणाचं बोलायची पाळीही यानंच आधी घेतली.

पहिल्या दिवशी मी सव्वासातला पाच माणसांना घेऊन निघालो. चौदा वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती. दोन महिने तसेच गेले. मग ज्यांना पावणेसात लवकर होतं ते माझ्याकडं यायला लागले. दूधवाले, तहसीलला जाणारे, लेकरांचा डबा करून निघणाऱ्या बायका. गाडी भरू लागली. शिक्षिका मात्र परत आल्या नाहीत. आईही अधूनमधून तिकडंच जायची, आता लपवत नव्हती एवढंच. पावणेसातला त्याच्या गाडीत चढणारी माणसं दिसली की अजूनही मी ती मोजतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि पांढरी गाडी महिनाभर उभी राहिली. सगळा रस्ता माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. माणसं दारात लोंबकळत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण चढणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "त्याहीची तब्येत कशी आहे? काही समजलं का?" जणू मी त्याच्या घरचा होतो. मग लोक पिशव्या द्यायला लागले. तू रोज नागपूरले जातं, त्याहीले दवाखान्यात नेऊन दे. कोणाचा तुपाचा डबा, कोणाच्या शेवया, कोणाची बागेतली मोसंबी. शिक्षिकांनी स्वेटर दिलं. त्या फाईलवाल्या मुलीच्या, आता नर्स झालेल्या मुलीच्या, बापानं फाट्यावर गाडी थांबवून मोसंब्यांची मोठी थैली माझ्या केबिनमध्ये ठेवली.

दुपारी मी सगळं घेऊन दवाखान्यात गेलो. तो पलंगावर बसला होता, आणखीच बारीक झालेला. मी एकेक पिशवी काढून कोणी दिली ते सांगत गेलो. त्याचे डोळे भरून आले. शेवटी मोसंब्यांची ती थैली उरली.

"आणि हे?" त्यानं विचारलं.

"हे माह्याकडून," मी म्हटलं.

मला तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्यानं एक मोसंबी सोलली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली आणि म्हणाला, "गोड आहे गा."

मीही खाल्ली. खरंच गोड होती. नंतर त्यानं गाडीचं विचारलं, मी सांगितलं, बरोबर सव्वासातला निघतो म्हणून. "पावणेसातच्या लोकायचं काय करतं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, वाट पाहतात. कोणाची, ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या मुलीच्या बापाला मात्र परतीच्या वाटेवर मी सांगितलं, थैली पोचली, त्यानं तुमचं नाव घेतलं.